बाईंना शाल नको, एक रविवार द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या सोलापुरातल्या मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलमध्ये, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गांत, नऊ शिक्षक आहेत, साठेक मुलं आहेत, पगार कुणालाच नाही. दर नाताळात तुम्ही शिक्षकांना पुढे बोलावून शाल आणि मोमेंटो देता. तरी या वर्षी तिघींनी काम सोडलं. आता कमिटीनं तुमच्या हातात सहा हजार रुपये ठेवलेत आणि सांगितलंय की यंदा जरा वेगळं काहीतरी करा.

मी सोलापुरातच सव्वीस वर्षं संडे स्कूल घेतलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं सुपरिटेंडंट म्हणून. शाली घेतल्या, वाटल्याही. एक मोमेंटो अजून टेबलावर आहे. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय आणि त्यावर माझं आडनाव चुकीचं कोरलंय. चादरीचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका. सोलापूरकराच्या घरी चादरींची चळत असतेच, पाहुण्यांना द्यायला म्हणून आपणच घेऊन ठेवलेली.

पहिलं काम फुकटातलं आहे. ज्या तिघी गेल्या त्यांना विचारलंत का, का सोडलं म्हणून? तुमच्या प्रश्नात त्याबद्दल एक ओळही नाही. मीही पूर्वी विचारत नसे. 'लग्न ठरलं', 'परीक्षा आहे', 'घरचं जमत नाही' असं कुणीतरी परस्पर सांगायचं आणि आम्ही मान डोलवायचो. एकदा मात्र एका मुलीच्या घरी सहज गेले. तिनं आधी काहीच सांगितलं नाही, चहा झाला आणि मग हळूच म्हणाली, "बाई, दर रविवारी झेरॉक्स, चार्टपेपर, स्केचपेन मिळून साठ-सत्तर रुपये जातात. मागायची लाज वाटते." ती एका दुकानात हिशेब लिहायची. तिच्यासाठी ते पैसे थोडे नव्हते. त्याच वर्षी नाताळात आम्ही तिला शाल दिली होती, आणि शालीची किंमत तिच्या चार महिन्यांच्या चार्टपेपरएवढी होती.

तेव्हापासून मी शिकले की शिक्षकाचे आभार मानायचे तर आधी त्याचा रविवार सकाळपासून दुपारपर्यंत कसा जातो ते बघावं. त्या रविवारातला जो भार आपल्याला उचलता येतो तो उचलावा आणि मग तोंडानं धन्यवाद म्हणावं. उलट क्रमानं केलं की धन्यवाद पोकळ वाटतो.

पैशाचं आधी सांगते, कारण सहा हजार तुमच्या खिशात आहेत. नऊ शिक्षक, महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये, बारा महिने: पाच हजार चारशे. ही रक्कम दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाकिटात घालून द्या, साहित्यासाठी म्हणून. बिल मागू नका. पन्नास रुपयांच्या झेरॉक्सचं बिल मागणारी कमिटी शिक्षकाला सांगत असते की आमचा तुझ्यावर विश्वास नाही. पन्नासात सगळं भागणार नाही हे मलाही कळतं, पण मागायची लाज तरी जाते. उरलेल्या सहाशे रुपयांत एक सामायिक पेटी करा: कात्री, फेव्हिकॉल, क्रेप पेपर, खडू, रंगपेट्या. पेटीची किल्ली शिक्षकांकडेच राहू द्या. आमच्याकडे ती वर्षभर कमिटीच्या एका वडिलांकडे (एल्डरकडे) होती आणि ते दर दुसऱ्या रविवारी गावाला जायचे.

"मग सरळ मानधनच का देऊ नये?" असं कमिटीत कुणीतरी विचारेलच. हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. रॉबर्ट रेक्सनं 1780 साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावात रविवारची शाळा सुरू केली तेव्हा शिकवणाऱ्या बायकांना तो दिवसाला एक शिलिंग देत असे. आठवडाभर टाचण्यांच्या कारखान्यात राबणारी पोरं रविवारी रस्त्यावर उंडारायची, त्यांना वाचायला शिकवायचं आणि जोडीला धर्मशिक्षण द्यायचं असं ते काम होतं. बिनपगारी शिक्षकांची पद्धत नंतर रुळली. आपल्याकडे 1876 मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली तेव्हा ती पद्धत घेऊनच हे काम वाढलं. म्हणजे मानधन देण्यात पाप काही नाही. पण माझा अनुभव वाईट आहे. एका वर्षी आम्ही महिना तीनशे रुपये सुरू केले. तिसऱ्या महिन्यात चर्चा सुरू झाली की अमकी दोनच रविवार आली, तिला दीडशे द्यायचे की तीनशे? हजेरीवही शिक्षकांचीच भरायला लागली. ज्या बाई स्वखुशीनं वीस वर्षं येत होत्या त्या म्हणाल्या, "मला हे पाकीट घेताना कामाला लागल्यासारखं वाटतं." वर्ष संपायच्या आत ते बंद केलं आणि बंद करतानाही दोघी दुखावल्या. म्हणून माझं मत: खर्च जमेल तेवढा भरून द्या, मानधनाच्या वाटेला जाऊ नका. एखाद्या शिक्षिकेच्या घरी खरी अडचण असेल तर ती मदत वेगळी, गुपचूप, पाळकांमार्फत (पास्टरांमार्फत) करावी. तिचा संडे स्कूलशी संबंध जोडू नये.

आता वेळेबद्दल. मला हे पैशापेक्षा मोठं वाटतं.

बहुतेक मंडळ्यांत उपासना आणि संडे स्कूल एकाच वेळी चालतं, निदान अर्धं तरी. म्हणजे तुमचे शिक्षक वर्षानुवर्षं संदेश ऐकत नाहीत. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या, रविवारी मागच्या दारानं धावत येतात, घेतात आणि परत वर्गात जातात. नवऱ्याशेजारी, मुलांशेजारी बसून उपासना करणं ही साधी गोष्ट त्यांना मिळत नाही. एका शिक्षिकेनं मला सांगितलं होतं की तिच्या मुलाच्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्षी तिनं पहिल्यांदा सलग तीन रविवार बाकावर बसून काढले, आणि आपल्याला झोप येते की रडू येते हेच तिला कळेना.

यावर उपाय सोपा आहे. वर्षात बावन्न रविवार असतात, त्यामुळे चार महिन्यांत तरी पाच रविवार येतातच. तो पाचवा रविवार शिक्षकांना सुट्टी. त्या दिवशी सगळी मुलं एकत्र बसवायची आणि वर्ग तरुण संघ, महिला मंडळ आणि कमिटीचे वडील आळीपाळीनं घेणार. पहिल्यांदा गोंधळ होईल, होऊ द्या. आमच्या कमिटीचे खजिनदार पहिल्या पाचव्या रविवारी बायबलमधल्या योनाची गोष्ट सांगायला उभे राहिले, सात मिनिटांत संपली आणि पुढची पन्नास मिनिटं काय करायचं ते त्यांना कळेना. साठ मुलांनी त्यांना घामाघूम केलं. पुढच्या कमिटी सभेत संडे स्कूलचं बजेट त्यांनीच वाढवून मागितलं.

सोलापूरचं एक खास दुखणं आहे, ते बाहेरचा माणूस कधीच लक्षात घेणार नाही: पाण्याचा दिवस. नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ते रविवारी सकाळी आलं तर घरातली बाई घर सोडू शकत नाही. टाकी, पिंप, हंडे, घागरी सगळं भरायचं असतं. शिक्षिका पंधरा मिनिटं उशिरा आली म्हणून वर्गाच्या दारात घड्याळ बघत उभे राहणारे कमिटीवाले मी पाहिलेत. त्यांच्या घरचं पाणी कोण भरतं हे विचारायचं माझ्या ओठांवर यायचं, गिळून टाकायचे. तुम्ही एवढंच करा. कुणाच्या भागात कोणत्या दिवशी पाणी येतं याचा अंदाज व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री घ्या आणि ज्या बाईकडे पाणी असेल तिच्या वर्गावर दुसऱ्याला उभं करा. तिनं माफी मागायच्या आधी. शिक्षकांच्या सन्मानाचा याहून मोठा कार्यक्रम सोलापुरात होऊ शकत नाही, हे मी थट्टेनं म्हणत नाही.

पालकांचंही एक काम आहे, त्याला दमडीही लागत नाही: मुलांना वेळेवर न्यायला येणं. उपासना सुटल्यावर पालक बाहेर जय ख्रिस्त, सलाम, तब्येत, लग्न, जागेचे भाव यांत अर्धा तास घालवतात आणि आत शिक्षिका सहा मुलांना धरून उभी असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या खोलीत तो अर्धा तास उभं राहून बघा. पाळकसाहेबांना सांगा, आशीर्वादाच्या आधी एक वाक्य बोला म्हणावं: "आधी मुलांना घ्या, मग गप्पा." दोन महिने दर रविवारी.

आता तोंडी आणि लेखी आभाराबद्दल. स्टेजवरून "आमच्या संडे स्कूलच्या सर्व शिक्षकांनी अमूल्य सेवा दिली" असं म्हणणं सोपं आहे, आणि ते कुणालाच लागू होत नाही. बायबलमधल्या, प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण वाचनात बहुधा गाळतो, कारण त्यात नुसती नावं आहेत. पण तो एकदा आभाराचा नमुना म्हणून वाचा. पंचवीसेक माणसांना तो एकेक करून सलाम पाठवतो आणि बऱ्याच जणांपुढे त्यांनी काय केलं तेही लिहितो. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. मरीयेनं पुष्कळ श्रम केले. रूफाची आई त्याला स्वतःच्या आईसारखी झाली. 'रोमच्या मंडळीतील सर्व कार्यकर्त्यांचे आभार' असं एका ओळीत लिहून तो मोकळा झाला नाही. शिवाय त्यातली बरीच नावं बायकांची आहेत.

तेव्हा पत्र लिहा, हातानं, प्रत्येकाला वेगळं. 'आपल्या सेवेबद्दल मंडळी ऋणी आहे' असं लिहू नका. असं काहीतरी लिहा: "ताई, जूनमध्ये तो नवीन मुलगा आला, जो कुणाशी बोलत नव्हता, त्याला तुम्ही तीन रविवार हजेरीपत्रक धरायला दिलंत. आता तो प्रार्थना म्हणतो. आम्ही पाहिलं." पाच ओळी पुरेत. पण अशा पाच ओळी लिहायच्या तर वर्गात जाऊन बसावं लागतं. लिहायला काही सुचत नसेल तर समजा की तुम्ही वर्षभर त्या वर्गाकडे फिरकला नाहीत. मग आधी तेच करा.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट दिसत नाही ती अशी. पूर्व भागातून येणाऱ्या मुलांच्या घरी तेलुगू असते, अक्कलकोट रस्त्याकडच्या काहींच्या घरी कन्नड. लहान गटाची शिक्षिका गोष्ट मराठीत सांगते आणि मागच्या रांगेतल्या दोघांसाठी तीच तेलुगूत पुन्हा सांगते. म्हणजे ती एका तासात दोन वर्ग घेते, पण कुठल्याही अहवालात ते येत नाही. तुमच्या नऊ जणांत अशी कुणी असेल तर तिच्या पत्राचं पहिलं वाक्य यावरच असू द्या.

मुलांकडून काही करून घ्यायचं असेल तर फळ्यावर 'थँक यू टीचर' लिहून साठ कार्डांवर उतरवून घेऊ नका. शिक्षकालाच ते गोळा करून लावत बसावं लागतं. एका मोठ्या मुलाला किंवा मुलीला वही देऊन बसवा आणि प्रत्येक लहान मुलाला एकच प्रश्न विचारा: बाईंनी सांगितलेलं काय आठवतं? जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहा, सुधारू नका. आमच्याकडे एकानं सांगितलं होतं, "दाविदाची गोफण फिरवताना बाईंची बांगडी फुटली." दुसरी म्हणाली, "बाई चिडल्या की आधी पाणी पितात." ती वही त्या बाईंनी शेवटपर्यंत बायबलशेजारी ठेवली होती.

एक चूक मी स्वतः केलीय, ती तुम्ही करू नका. सुपरिटेंडंट झाल्यावर उत्साहाच्या भरात मी 'उत्कृष्ट शिक्षक' असा एक पुरस्कार काढला. एकच. नऊ-दहा बिनपगारी माणसांत एकाला उत्कृष्ट म्हटलं की बाकीच्यांना काय म्हटलं ते न बोलताही कळतं. जिला मिळाला तीही अवघडली. जानेवारीत दोघी आल्याच नाहीत. आणि एक पाऊल पुढे: ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी करताना पेटी वाजवणारा मुलगा, खुर्च्या लावणारे काका, छोट्या मुलांना बाथरूमला नेणारी ती अकरावीतली पोरगी, यांची नावं सुटू देऊ नका. यादी दोघांनी वेगवेगळी करावी आणि मग ताडून बघावी. एक नाव सुटलं तर बाकी सगळी वाचल्याचा आनंद जातो.

दिवस कुठला? नाताळ नको. नाताळात हेच शिक्षक नाटक बसवत असतात, मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल बांधत असतात आणि त्यांना पुढे बोलावलं तेव्हा हातात कुणाचा तरी पंख असतो. जानेवारीचा मध्यही नको. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाच्या बाजूचे रस्ते भरलेले असतात, माणसं पोचत नाहीत. 5 सप्टेंबरच्या आसपासचा रविवार लोकांना सुचतो, पण तुमच्यातले निम्मे शिक्षक शाळेत नोकरीला असतील तर त्या आठवड्यात ते आधीच हार-तुऱ्यांनी दमलेले असतात. मला जूनचा पहिला रविवार बरा वाटतो. मे महिन्यातली सुट्टीची बायबल शाळा नुकतीच संपलेली असते, कष्ट ताजे असतात आणि शाळा उघडायला थोडा अवकाश असतो.

जेवण ठेवायचंच असेल तर एक अट घाला: शिक्षिकांनी त्या दिवशी पोळी लाटायची नाही, वाढायचंही नाही. हसू नका, मी अशा 'सत्कार भोजना'ला गेलेय जिथे सत्कारमूर्तीच भाताच्या पातेल्याशी उभ्या होत्या. पुरुषांनी वाढावं. पैसे नसतील तर घरटी एकेक पदार्थ आणा: कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगापोळी. थंडीत एखाद्या सभासदाच्या शेतावर ज्वारी हुरड्यात आली असेल तर त्याहून चांगलं काहीच नाही, हॉलचं भाडंही वाचतं. आणि बोलावणं शिक्षकांच्या घरच्यांनाही द्या. रविवारी सकाळी सून दोन तास बाहेर असते तेव्हा गॅसवर कुकर कोण बघतं? सासू. नातवाला आंघोळ कोण घालतं? बहुधा तीच. आम्ही एका वर्षी शिक्षिकांच्या सासवांना आणि आयांना वेगळी पत्रं दिली. एका सासूबाईंनी ते पत्र सुनेकडून तीनदा वाचून घेतलं, आणि पुढे रविवारी त्याच म्हणायला लागल्या, "ऊठ, तुझा वर्ग आहे ना." नवऱ्यांसाठीही तसंच करा, पण त्यांना पत्रापेक्षा गाडीचं पेट्रोल चालतं.

लग्न होऊन गाव सोडणाऱ्या मुलींबद्दल एक सुचवते. आपल्याकडे वीस-बावीस वर्षांच्या मुली चार-पाच वर्षं मन लावून शिकवतात आणि लग्न झालं की लातूर, पुणे, नगर कुठेतरी जातात. आपण निरोपाला भांडं देतो. त्यासोबत पाळकांच्या सहीचं एक पत्र द्या, तिच्या नव्या मंडळीच्या पाळकांच्या नावानं. ही किती वर्षं कुठला गट घेत होती, हिचं काय चांगलं आहे, हिला शिकवायचं असेल तर संधी द्यावी, एवढं त्यात असावं. सासरी ती अमक्याची सून म्हणून पोचते. या पत्रामुळे ती शिक्षिका म्हणून पोचेल. मला अशा दोघींचे फोन आलेत.

कमिटीत एक आवाज असा येईल की सेवेचं फळ प्रभू देतो, माणसांनी मान कशाला द्यायचा, उजव्या हातानं केलेलं डाव्याला कळू नये. हे बायबलचं वचन दान देणाऱ्याला सांगितलंय. घेणाऱ्यानं ते पुढे करून आपलं देणं टाळावं असं त्यात कुठे म्हटलंय? गलतीकरांस पत्रात तर उलट सांगितलंय, की ज्याला वचनाचं शिक्षण मिळतं त्यानं शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटेकरी करावं. वाद घालू नका, ते वाचून दाखवा आणि पुढच्या विषयावर जा.

म्हाताऱ्या शिक्षकांना विसरू नका, जे आता जिना चढू शकत नाहीत म्हणून येत नाहीत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघं-तिघं घेऊन घरी जा आणि तिथे त्यांच्याच वेळचं एखादं गीत म्हणा. एवढ्यानं काय होतं ते मी लिहून सांगू शकत नाही.

पण सगळ्याच्या आधी त्या तिघींच्या घरी जा. तुम्ही आणि एखादी बाई, दोघंच, कमिटी म्हणून नाही. परत या म्हणू नका, फक्त विचारा आणि ऐका. सोडण्याचं कारण तुम्ही असाल तर तेही ऐकून घ्या. चहा देतील तो प्या. आणि दारात हंडे मांडलेले दिसले, म्हणजे पाणी आलेलं असलं, तर आत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा.